बागेतलं दगड कळतं

कोथरूड, पुणे
६ जुलै

सौ. प्रियदर्शनी हिस,

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. घातलं असतं तर तू ते न फोडताच रद्दीत ठेवलं असतंस. अर्थात ड्रॉइंग ऑफिसात चाळीस वर्षं घोटलेलं माझं अक्षर तू ओळखलंच असशील. तरी उघडलंस, याबद्दल आभार.

पत्र लिहायचं कारण असं, की व्हॉट्सॲपवर तू मला सहा वर्षांपूर्वी ब्लॉक केलंस. फोन केला की रावसाहेब उचलतात आणि तू अंघोळीला गेली आहेस असं सांगतात. सकाळी आठला अंघोळ, दुपारी दोनला अंघोळ, संध्याकाळी सहाला अंघोळ. अमरावतीत पाण्याची एवढी सुबत्ता असेल असं वाटलं नव्हतं. बिचाऱ्या सज्जन नवऱ्याला या वयात खोटं बोलायला लावू नये. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय मात्र सरकारने अजून काढलेली नाही, म्हणून हा मार्ग.

आता काम. आपल्या बंगल्याच्या अंगणातले पेव्हिंग ब्लॉक मी काढून टाकले. पावसाचं पाणी हॉलमध्ये यायला लागलं होतं, एवढंच कारण, दुसरं काही नाही. ब्लॉकखाली खडीची पूड, त्याखाली मुरूम, आणि दीड फुटावर काळा खडक. आईने पन्नास वर्षं शेणखत घालून जमवलेली माती ब्लॉक बसवणाऱ्यांनी खरवडून नेली होती, ते मला आत्ता कळलं. तिथे आता गुलाब-मोगऱ्याचं काम नाही. म्हणून ठरवलं, दगडांचीच बाग करायची. रॉक गार्डन.

इंटरनेटवर पुष्कळ पाहिलं. सगळे व्हिडिओ थंड देशातले. त्यांच्या झाडांना बर्फाची काळजी, आपल्या झाडांना एप्रिलची. तुझी वहिनी दीपमाला म्हणाली, "घरात बॉटनीची प्रोफेसर असताना त्या गोऱ्यांना काय विचारता?" मी म्हटलं, घरात कुठे आहे? त्यावर ती भाजी निवडत बसली.

तर प्रश्न: अंगण बारा फूट बाय अठरा, तोंड दक्षिणेला, ऊन सकाळी नऊ ते दुपारी चार. दगडांच्या सांदीत कुठली झाडं जगतील? तू एकतीस वर्षं हेच शिकवलंस, तेव्हा चार नावं लिहायला हरकत नसावी. तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडलं आहे.

आईचा अनंत होता ती मधली जागा मोकळीच आहे. त्याला वाळवी लागली नसती तर ही वेळच आली नसती. असो.

सुदर्शन

कोथरूड
२७ जुलै

प्रियदर्शनी,

उत्तर आलं नाही. पाकीट मिळालं असेल असं धरून पुढे लिहितो.

दगड मिळाले. आमच्या अभिनवच्या हिंजवडीच्या ऑफिसशेजारी आप्पासाहेब नावाचे गृहस्थ आहेत. ती सगळी जमीन एकेकाळी त्यांची. आता तिथे काचेच्या इमारती आहेत आणि आप्पासाहेबांचं मुलांचं हॉस्टेल आहे. हॉस्टेलच्या मागे दोन गुंठे शिल्लक, त्यात जुन्या शेताचा बांध. आज्याने नांगरताना निघालेले दगड टाकून टाकून तो बांध झाला. मी म्हटलं, मला यातले थोडे हवेत. ते म्हणाले, "न्या की. फुकट न्या. पन बसवता कसं त्ये मी येऊन बघनार." मला वाटलं, बोलण्याची पद्धत असते.

टेम्पोतून सत्तावीस दगड आले. काळे, जड, पण अंगावर पांढरे-हिरवट डाग. मला तो मळ वाटला. माझा स्वभाव तुला माहीत आहे. तीन दिवस तारेचा ब्रश आणि बाथरूमचं ॲसिड घेऊन बसलो आणि एकेक दगड घासून लख्ख केला. मग उंचीप्रमाणे मांडले. बुटके पुढे, मध्यम मधे, उंच मागे. शेजारचे बापूराव कुंपणावरून बघत होते. म्हणाले, "सुदर्शनराव, ग्रुप फोटोवाला कधी येतोय?" मी लक्ष दिलं नाही. त्यांच्या बाल्कनीत प्लास्टिकची झाडं आहेत.

रविवारी आप्पासाहेब खरंच आले. पांढऱ्या मोठ्या गाडीतून उतरले, फाटकाशीच थांबले आणि एकेक दगड बघत राहिले.

"आवं सायेब," शेवटी म्हणाले, "दगडाची कातडी सोलली तुमी!"

मी म्हटलं, मळ होता.

"मळ? त्ये दगडफूल हाय. माज्या आज्यानं ह्यो दगूड बांधावर टाकला तवापसनं त्यानं एकाच अंगानं ऊन खाल्लंय, म्हनून त्या अंगाला फूल धरलं. ती त्याची पाठ. खालची मातीतली बाजू त्ये प्वाट. तुमी एक तर सोलला आन् वरनं उताना पाडला."

मला हसू आलं नाही, पियदर्शनी. (नाव चुकलं. राहू दे, खोडत नाही.) मला तुझा एम.एस्सी.चा प्रबंध आठवला. दगडफूल. सिंहगडावरून तू खरवडून आणलेले नमुने कागदाच्या पुड्यांत स्वयंपाकघराच्या फळीवर वाळत ठेवले होतेस आणि आईने त्यातली एक पुडी गोड्या मसाल्यात भाजून घातली. तू रडत होतीस, आणि आई म्हणत होती, "अगं पण वास किती छान आलाय!" वर्षभर आपण तुझ्या संशोधनाची आमटी खाल्ली. त्या घरात वाढलेल्या माणसाने सत्तावीस दगडांवरचं दगडफूल ॲसिडने धुतलं. हे तुला कळवलंच पाहिजे असं वाटलं. निदान हसशील तरी.

ते परत येतं का? येत असेल तर कशाने?

सुदर्शन

कोथरूड
१७ ऑगस्ट

प्रिय प्रियदर्शनी,

आता मी दगडांच्या बाबतीत पहिलीत बसलो आहे, आणि गुरुजी आप्पासाहेब. दर रविवारी येतात, खुर्ची टाकून बसतात, दीपमालाकडून दोनदा चहा घेतात आणि माझ्याकडून पहार चालवून घेतात. पहिला धडा असा: "दगूड मांडायचा नसतो सायेब, पेरायचा असतो." म्हणजे खड्डा करून त्याचं पोट मातीत घालायचं, निदान तिसरा हिस्सा. वर दिसतो तो थोडा, खाली असतो तो त्याला धरतो. नुसता वर ठेवलेला दगड कितीही सुंदर असो, कुणीतरी विसरून गेल्यासारखा दिसतो.

दुसरा धडा, सगळ्या दगडांच्या रेघा एकाच दिशेला. डोंगरात जसे थर असतात तसे. एक आडवा आणि शेजारचा उभा ठेवला की भांडण झाल्यासारखं वाटतं. तिसरा, पाणी. दगड किंचित मागे कलला पाहिजे, म्हणजे अंगावरचं पाणी मागच्या मातीत मुरतं. माझे पहिले दगड पुढे कलले होते. सगळा मुरूम बापूरावांच्या फाटकात जाऊन बसला. ते म्हणाले, "तुमची बाग आमच्याकडे आली होती. पाठवून देऊ का?"

सत्तावीसच्या सत्तावीस उखडले आणि पुन्हा पेरले. माझी कंबर आता हवामान खात्यापेक्षा आधी पाऊस सांगते. दीपमालाने पहारीचं दुसरं टोक धरलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण आम्ही दोघांनी मिळून उचललेली ही पहिलीच वस्तू. मजा आली गं.

सोसायटीत मात्र भलताच समज झाला. कुणीतरी बातमी पसरवली, की सुदर्शनराव राडारोडा गोळा करतात. लोकांनी स्वयंपाकघरं फोडली ती आमच्या फाटकाशी आणून टाकली. फरशा, ओट्याचे तुकडे, एक अख्खं कमोड. शेवटी पाटी लावली: "येथील दगड ठेवलेले आहेत, टाकलेले नाहीत. भर घालून उपकार करू नयेत." दुसऱ्या दिवशी पाटीखाली आणखी एक कमोड.

दगडफुलासाठी आप्पासाहेबांनी ताक सांगितलं. रोज सकाळी दगडांवर ताक शिंपडतो. दीपमाला म्हणते, नवऱ्याला मठ्ठा केला तर पित्त होतं आणि दगडांना रतीब चालू आहे. अजून तरी माश्यांखेरीज काही आलं नाही.

झाडं लावली ती अशी: कोरफड, चिनी गुलाब, आप्पासाहेबांच्या बांधावरची कांडवेल. तू नावं पाठवली नाहीस, तेव्हा चुकलं असेल तर निम्मी जबाबदारी तुझी. फक्त मधली जागा जमत नाही. चार दगड तिथे लावून पाहिले, एकही बसत नाही. आप्पासाहेब म्हणाले, "तितं दगूड नका घालू. तितं कोन व्हतं?" मी म्हटलं, झाड होतं. ते म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या."

आता एक सांगायचं आहे. पाणी हॉलमध्ये वगैरे काही आलं नव्हतं. ते मी असंच लिहिलं.

झालं असं, की जूनमध्ये दोन ब्लॉकच्या फटीतून एक रोप वर आलं. मी ते उपटायला खुरपं घेऊन पायरीवर बसलो आणि बघतो तर पानफुटी. आईची. तुळशीमागे होती तीच. तुला आठवतं, पाचवीत तू तिचं पान भूगोलाच्या पुस्तकात ठेवलंस आणि परीक्षेच्या दिवशी पुस्तक उघडलं तर पानाच्या कडेला पिल्लं फुटलेली? एवढ्या वजनाखाली ती कशी राहिली, कुठून वर आली, मला माहीत नाही. मला ती उपटता येईना. खुरपं हातात घेऊन मी तिथेच बसलो आणि मला रडू आलं. दीपमालाने दारातून पाहिलं आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी मी पहार आणली.

पान सोबत पाठवतो आहे. कागदात गुंडाळलंय, दाबू नकोस.

दादा

कोथरूड
२१ सप्टेंबर

प्रिय पियू,

गेल्या बुधवारी रावसाहेबांचा फोन आला. स्वतःहून. आवाज इतका हळू, की मला वाटलं माणूस पलंगाखालून बोलतोय. म्हणाले, "दादा, मी काही सांगितलं असं म्हणू नका. पण ती पत्रं फाडत नाही. पान बशीत ठेवलंय. सात पिल्लं आलीत." आणि मग मोठ्याने, "नाही हो, ती अंघोळीला गेली आहे!" आणि फोन ठेवला. त्यांना रागावू नकोस. इतका चांगला माणूस तुला मिळाला याचा मला पुन्हा एकदा आनंद झाला.

सात पिल्लं आली म्हणतात, तर माझ्याही पोटातलं बाहेर येऊ दे.

अनंताला वाळवी लागली नव्हती.

झाड धडधाकट होतं. त्या वर्षीही कळ्या होत्या. अभिनव गाडी घेणार होता, त्याला अंगणात जागा हवी होती, आणि मला उगाच वाटलं की आपण एवढंही मुलासाठी करू नये का. त्याने झाड तोडा म्हटलं नव्हतं. मीच माणसं बोलावली, आणि आईच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी ते तोडून घेतलं. तू येशील आणि विचारशील हे माहीत होतं, म्हणून वाळवी. दीपमालालाही तेच सांगितलं. आणि ती गाडी त्या ब्लॉकवर कधी उभी राहिलीच नाही. अभिनवने गाडी घेतली खरी, पण तो हिंजवडीला राहायला गेला, ती तिथेच उभी असते आणि ऑफिसला तो कंपनीच्या बसने जातो. सहा वर्षं त्या जागेवर माझी स्कूटर आणि एक मोडकी व्यायामाची सायकल उभी होती.

श्राद्धाच्या दिवशी पानं वाढलेली, सगळे नातेवाईक ओसरीवर, आणि तू अंगणातून आत आलीस. म्हणालीस, "दादा, वाळवी कुठे होती? मला खोड दाखव." मी घाबरलो. खरंच घाबरलो, पियू. आणि घाबरलो की माझी जीभ सुटते. म्हटलं, "तुला बागेतलं काय दगड कळतं?"

सगळे हसले. बॉटनीच्या प्रोफेसरला बागेतलं दगड कळत नाही, यावर सगळी पंगत हसली. मीही हसलो, कारण हसलं की विषय संपतो. तू हसली नाहीस. न जेवता निघालीस. जाताना तोडलेल्या फांद्यांच्या ढिगातून एक काटकी उचलून पर्समध्ये टाकलीस. कुणीतरी त्यावरही काहीतरी बोललं आणि लोक पुन्हा हसले. त्या दिवसापासून सहा भाऊबिजा झाल्या. दर वर्षी दीपमाला विचारते, पाट मांडू का. मी म्हणतो, राहू दे, मला या प्रकारांची हौस नाही. हेही खोटं. मला फार हौस आहे.

मी दोन गोष्टी चुकलो. झाड तोडलं आणि ते लपवायला तुला सगळ्यांसमोर लहान केलं. पहिली चूक दुरुस्त होणार नाही. दुसरीची माफी मागतो. पंगतीला जे हसले होते त्या सगळ्यांना मी फोन करून वाळवी नव्हती हे सांगितलं. आत्या पंच्याऐंशीच्या आहेत, त्यांना वाटलं आमच्या घराला आत्ता वाळवी लागली. औषध सुचवलं. पण बाकीच्यांना कळलं. दीपमालाने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चला, हे तरी खणून काढलंत."

बागेचं ड्रॉइंग सोबत आहे. एकास वीस प्रमाण, प्लॅन आणि दोन्ही बाजूंनी छेद, कुठला दगड किती खोल पेरला ते ठिपक्यांच्या रेषेने दाखवलं आहे. जमलंय असं मला वाटतं, पण मला वाटण्याला काय अर्थ आहे? बागेतलं मला दगड कळत नाही. तुला कळतं. येऊन बघ.

भाऊबीज तेवीस ऑक्टोबरला आहे. पाट मांडून ठेवणार आहे. या वेळी कुणी विचारायच्या आधीच.

दादा

अमरावती
१० ऑक्टोबर

दादा,

ड्रॉइंग तपासून परत पाठवते आहे. लाल शाईने राग मानू नकोस, सवय आहे.

१. नऊ नंबरचा दगड उलटा पेरलाय. छेदावरूनच कळतं, रुंद बाजू वर आली आहे. रुंद बाजू खाली हवी. पुन्हा काढ.

२. कोरफड आणि चिनी गुलाब ठीक. कांडवेल दोन वर्षांत सगळ्यांच्या डोक्यावर बसेल. तिला कुंपणाकडे ने. बापूरावांकडे गेली तर जाऊ दे, त्यांच्याकडे खरं झाड तरी येईल.

३. ताक बंद कर. दगडफुलाला ताक लागत नाही, वेळ लागतो. एका रुपयाएवढं यायला दहा-पंधरा वर्षं. तोवर ब्रश कपाटात आणि कपाटाची किल्ली वहिनीकडे. मठ्ठा तिला दे.

४. आप्पासाहेबांना माझा नमस्कार. एकतीस वर्षांत मी विद्यार्थ्यांना एवढं सोपं करून सांगू शकले नाही.

दहापैकी साडेसहा. अर्धा मार्क सुवाच्य अक्षराचा.

वाळवीचं मला त्याच दिवशी माहीत होतं. आत येण्याआधी मी बुंधा पाहिला होता, पांढरास्वच्छ होता, रस अजून ओला होता. खोड दाखव म्हटलं ते तपासायला नाही. तुला खरं बोलायला एक संधी द्यावी म्हणून. लोक हसले याचं मला फारसं काही वाटलं नाही, वर्गात पोरं रोज हसायची. तू हसलास याचं वाटलं. सहा वर्षं वाटत राहिलं. तुझं पत्र वाचून मी खूप रडले आणि मग खरोखरच अंघोळीला गेले.

मधल्या जागेत दगड घालू नकोस. दोन फूट खड्डा कर, मुरूम थोडाच ठेव, बाकी लाल माती आणि कुजलेला पालापाचोळा, आणि खाली पाण्याला वाट. अनंताला पायाशी साठलेलं पाणी चालत नाही. ती काटकी मी पर्समधून आणून कुंडीत लावली होती. आता माझ्या खांद्याला लागते. या जूनमध्ये अकरा फुलं आली.

बावीसला सकाळी स्टेशनवर उतरते. हे कुंडी धरतील, मी ओवाळणीचं तबक. रिक्षावाले कुंडी घेणार नाहीत, तेव्हा तूच ये. अभिनवला सांग, गाडी घेऊन ये म्हणावं. झाडासाठी त्याची गाडी एकदा तरी उपयोगी पडू दे.

पियू